माझे ५१८ युरो आणि शालनमावशीचे १,५०० रुपये

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुन्हा जुंपली. निमित्त नेहमीचंच, लाडकी बहीण. दादाने लिहिलं, "टॅक्स आम्ही भरायचा आणि मजा यांनी मारायची." काकांचा लगेच अंगठा, आत्याचे हात जोडलेले. मी इकडे ड्रेस्डेनला कडाक्याच्या थंडीत ट्रामची वाट बघत उभी होते. हातमोजा काढून टाइप केलं, "दादा, मला सरकार महिन्याला पन्नास हजारांच्या वर रुपये फुकट देतं. त्यावर तू कधी बोलला नाहीस."

ग्रुप अर्धा तास चिडीचूप.

खोटं काहीच नव्हतं त्यात. जर्मनीत किंडरगेल्ड म्हणून पैसे मिळतात, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत आणि शिकत असेल तर २५ पर्यंत. २०२६ पासून दर मुलामागे २५९ युरो. आमची दोन, म्हणून ५१८. मी आणि नवरा दोघंही संगणकाच्या चिपच्या कारखान्यात चांगल्या पगारावर आहोत, गरजू वगैरे अजिबात नाही. पण उत्पन्न कुणी विचारतच नाही. शेजारच्या डॉक्टरीणबाईंना एका मुलामागे जेवढे, तेवढेच ट्राम चालवणारीला. पैसे महिन्याच्या कोणत्या सुमारास येणार, ते आपल्या किंडरगेल्ड क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावर ठरतं. शून्यवाल्यांचे आधी, नऊवाल्यांचे शेवटी. आमचा आकडा तीन. निवडणूक असो नसो, तीन म्हणजे तीन. या खात्याचा मंत्री कोण, हे मला आत्ता शोधून बघावं लागेल.

दादाचं उत्तर आलं, "तुमचे चाळीस टक्के कापून घेतात, त्यातलेच परत देतात." अर्धं बरोबर आहे त्याचं. मुलाच्या किमान पोटापाण्याला लागणाऱ्या पैशांवर कर लावता येत नाही, असं इथला कायदा मानतो आणि किंडरगेल्डचा एक भाग म्हणजे त्या कराची परतफेड. गंमत पुढे आहे. वर्षअखेरीला करखातं स्वतःच हिशेब मांडतं, तुम्हाला करसवलत फायद्याची की किंडरगेल्ड, आणि जे जास्त ते देतं. बड्या पगारवाल्याला सवलत जास्त पडते. म्हणजे श्रीमंताला गरिबापेक्षा थोडं अधिकच मिळतं, आणि त्याला कुणी रेवडी म्हणत नाही.

आपल्याकडे तरी कुठे म्हणतात? फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं. त्यामुळे प्रत्यक्ष करात साधारण एक लाख कोटी रुपये सोडावे लागतील, असं अर्थमंत्र्यांनी भाषणातच सांगितलं. त्या दिवशी ग्रुपवर पेढ्यांचे फोटो होते. पहिला दादाचा.

त्याचा राग पोकळ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी बुंदेलखंडात 'रेवडी संस्कृती'वर आसूड ओढला आणि दोन वर्षांत त्यांच्याच आघाडीने महाराष्ट्रात ही योजना आणली. वर्षाला ४६,००० कोटी लागतील असं तेव्हा सांगितलं गेलं. निवडणुकीआधी १,५०० चे २,१०० करण्याचं वचन दिलं. निवडणूक झाल्यावर २०२५-२६ साठी तरतूद झाली ३६,००० कोटींची. आपल्या खात्याचा निधी तिकडे वळवला म्हणून मे २०२५ मध्ये सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. दलितांच्या योजनांचा पैसा काढून बहिणीला ओवाळणी, हा कुठला न्याय? इथे मी दादाच्या बाजूने आहे.

आता शालनमावशी. कराडला आईकडे स्वयंपाकाला येतात, वय ५८, नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. २०२४ ला राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन हप्ते एकदम आले तेव्हा त्यांनी गुडघ्याची औषधं आणि नातवाला दप्तर घेतलं. पुढचे तीन आचारसंहितेआधी घाईघाईने आले, मग निवडणूक होईपर्यंत शुकशुकाट. पुढे छाननी लागली. लाखो नावं संशयात आली, त्यात चौदा हजारांच्या वर चक्क पुरुष निघाले. उपाय म्हणून सप्टेंबर २०२५ पासून सगळ्याच बायकांना ई-केवायसी.

आईने मला व्हिडिओ कॉलवर तो पडदाच दाखवला. मावशींचा आधार क्रमांक टाकला, ओटीपी आला. पुढची चौकट, पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक. मावशींनी आईकडे बघितलं. नवरा नाही, वडील तर त्याच्याही आधी गेलेले. "आता ओटीपी वरनं मागवायचा काय?" म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. ही अडचण हजारो विधवांची होती. म्हणून मुदत वाढवून ३१ डिसेंबर केली आणि मृत्यूचे दाखले अंगणवाडी सेविकेकडे द्यायला सांगितलं. ज्या बाईसाठी योजना म्हणून गाजावाजा केला, तीच बाई चौकट आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नव्हती.

त्याच कॉलवर मावशींनी विचारलं, "तुला किती मिळतात गं तिकडं?" मी म्हटलं, पोरांचे थोडे देतात. आकडा सांगायची जीभ झाली नाही.

तुम्ही म्हणाल, विधवांसाठी संजय गांधी निराधार योजना आहेच की. आहे, १९८० पासून, आणि तिथेही महिना १,५०० च आहेत. फक्त उत्पन्नाची अट बघा, कुटुंबाचं वर्षाला २१,००० रुपये. लाडकी बहीणला हीच मर्यादा अडीच लाख. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात कऱ्हाडात खोलीभाडंही भागत नाही. म्हणजे त्या दारातून आत शिरायचं तर मावशींनी खोटा दाखला काढायचा. ही मर्यादा वाढवली असती तर निदान खऱ्या निराधार बायकांचं भागलं असतं. पण त्याचा इव्हेंट होत नाही, फलकावर फोटो लागत नाही.

माझा मुद्दा फुकट की कष्टाचं हा नाहीच. जीआर की कायदा, हा आहे. लाडकी बहीण उभी आहे २८ जून २०२४ च्या शासन निर्णयावर. एका संध्याकाळच्या जीआरने आलेली गोष्ट दुसऱ्या संध्याकाळच्या जीआरने जाते. किंडरगेल्ड थांबलं तर मी सरकारला कोर्टात खेचू शकते. मावशी फार तर सेविकेच्या दारात जाऊ शकतात.

आणि हे शहाणपण जर्मनीतून आणायची गरजही नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांसाठी विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी जी योजना रेटली, तिचा १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमी कायदा केला. देशात असं करणारे आपण पहिले. पैसा कुठून, याचं उत्तरही त्यासोबत होतं, १९७५ चा व्यवसाय कर. दादाच्या पगारपत्रकावर आजही दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात, ते तिथून आलेले. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुरासाठी द्यायचे पैसे, हे तेव्हा उघड सांगून घेतले. कुणी कुणाला लाडकं म्हटलं नव्हतं. रोहयोत भ्रष्टाचार झाला, खोटे हजेरीपट झाले, मान्य. पण काम मागणं हा हक्क होता.

जर्मनीचे गोडवे गायला मी बसलेले नाही. कँटीनमध्ये शेजारी बसणारा सहकारी बेकारांना मिळणाऱ्या ५६३ युरोंबद्दल बोलतो तेव्हा मला दादाच जर्मन बोलतोय असं वाटतं. तेच शब्द, आळशी, आमच्या करावर जगणारे. आणि पैसे असूनही या देशाने खर्च कुठे करायचा यात घोळ घातलाच. ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे आमच्या गावातला कारोला पूल एल्बे नदीत कोसळला. ट्रामचे रूळ असलेला भाग. शेवटची ट्राम काही मिनिटांपूर्वीच गेली होती. आतल्या पोलादाला चिरा गेल्या होत्या, आणि नेमक्या त्याच भागाची दुरुस्ती २०२५ वर ठेवलेली होती. २००९ मध्ये कर्जावर घटनात्मक लगाम घातला, त्याचं कौतुक वर्षानुवर्षं चाललं, आणि पूल, रेल्वे मागे पडत गेले. शेवटी मार्च २०२५ मध्ये तो लगाम सैल करून ५०० अब्ज युरोंचा निधी उभारावा लागला. इकडे कुणी मेलं नाही, एवढं नशीब. जून २०२५ मध्ये इंद्रायणीवर कुंडमळ्याचा पूल पडला तेव्हा चार जण गेले. म्हणून महिन्याचे पैसे वाटा की पूल बांधा, असा निवाडा कुणी सहज देऊ लागला की मला धास्ती वाटते. दोन्ही लागतं, आणि दोन्हीसाठी कर लागतो.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं नाही. तिथे एवढं कोण वाचतंय. फक्त व्यवसाय कराचं लिहिलं. दादाने पगारपत्रक उघडून बघितलं असावं, कारण रात्री उशिरा त्याचा मेसेज आला, "हे २०० कशाचे, वीस वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं."

मावशींचे दाखले सेविकेकडे दिलेत. आई म्हणाली, पावती काही मिळाली नाही.