गारगोटी उगाळून मुतखडा विरघळत नाही

परवा घरी गेलो तर मोठेबाबा सहाणेवर गारगोटी उगाळत बसलेले. शेजारी वाटीत पांढुरकं पाणी. मोबाइल पुढे करून म्हणाले, "पह्यले वाच, मंग बोल." मेसेजमध्ये होतं ते असं: दगड सजीव असतात, शेतात दरवर्षी वाढतात, त्यांच्या पोटातले स्फटिकही वाढतात, म्हणून विहिरीत निघालेली गारगोटी 21 दिवस उगाळून प्यायल्यास मुतखडा विरघळतो.

त्या "म्हणून"वर माझं डोकं फिरलं.

आधी मुतखडाच घेतो, बाकीच्या थापांनी कुणाची किडनी जात नाही. गारगोटी म्हणजे सिलिका, वाळूत असतं तेच द्रव्य. मुतखडा बहुतेकांचा कॅल्शियम ऑक्झलेटचा. एकानं दुसरा विरघळायचा काही संबंधच नाही. मुळात गारगोटी स्वतःच पाण्यात विरघळायला तयार नसते. तशी ती विरघळत असती तर वर्धा नदीत वाळू उरलीच नसती. (आता उरत नाही ती ट्रॅक्टरांमुळे, तो विषय वेगळा.) उगाळलेली भुकटी पोटात जाते आणि जशीच्या तशी बाहेर पडते. पण या नादात मोठेबाबांनी डॉक्टरांनी लिहून दिलेली सोनोग्राफी पंधरा दिवस लांबवली. खडा नळीत अडकून ताप भरला तर किडनी कायमची जाऊ शकते. मेसेज पाठवणारा तेव्हा दवाखान्यात येणार आहे का?

"पण दगड वाढतात ना बे, मी डोयानं पाह्यतो," मोठेबाबा म्हणाले. दरसाल वेचून धुऱ्यावर टाकतात, तरी पुढल्या साली वखराला दगड लागतातच. हे खरंय. पण त्यात करामत काळ्या मातीची आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून इतकी फाटते की भेगेत विळा पडला तर हात घालून सापडत नाही. बारीक माती त्या भेगांत खाली जाते, फुगताना दगड वर रेटले जातात. वरची माती पाण्याबरोबर वाहून जाते ती वेगळीच. दगड तेवढाच राहतो, उघडा पडतो.

स्फटिक वाढतात हेही नाइलाजानं मान्य करावं लागतं. लाव्हा थंड होऊन आपला काळा खडक बनताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि थराथरानं गारगोटी आणि झिओलाइट नावाची खनिजं जमली. विहीर खोदणारे अशा भरलेल्या पोकळ्यांच्या ज्या खडकाला मांजऱ्या म्हणतात, त्यातलाच हा माल. पण वाढ झाली ती खडकाच्या पोटात, त्या पाण्यामुळे. ते पाणी तुटलं की वाढ खुंटली.

हा खडक किती जुना, तेही मोजलेलं आहे. 2015 साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या संशोधनात सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांमधल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांत युरेनियमचं (ते ठरावीक गतीनं शिशात बदलत जातं) शिसं किती झालं ते मोजलं. वय निघालं सुमारे 6.6 कोटी वर्षं, आणि मुख्य लाव्हा साडेसात लाख वर्षांत ओतला गेला. आपल्याकडचा काळा पाषाण त्याच दख्खनच्या लाव्हाचा. दरसाल वाढता तर एवढ्यात आभाळाला टेकला असता.

दगड "सजीव" असण्याबद्दल मी बोलतही नाही.

सोनोग्राफी सोमवारी आहे. सहाणेवरची गारगोटी धुऊन पट्टीनं मोजली, साडेचार सेंटीमीटर भरली. आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. मोठेबाबा म्हणाले, "दिवाळीले पुन्हा मोजू."