1 टक्का आरक्षणाचा मेसेज फिरायलाय, तो चुकीचा आहे

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपवर दोन दिवस झाले एक फॉरवर्ड फिरायलाय, की कर्नाटकात गे लोकांना सरकारी नोकरीत 1 टक्का राखीव झालंय आणि सौंदत्तीचे जोगप्पा, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेले, सगळे गेच असल्यामुळे त्यांना ते आपोआप मिळणार. तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवून ठेवल्यात.

1 टक्का आहे, खरं तो ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी, 2021 पासून, आणि तोही आडवा, म्हणजे जनरल, एससी, एसटी, ओबीसी प्रत्येक गटाच्या आतच, कुणाचा कोटा कापून वेगळा काढलेला नाही. त्याचं मूळ सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या नालसा निकालात, ज्यात ट्रान्सजेंडर लोकांची ओळख आणि हक्क मान्य झाले. कलम 377, म्हणजे समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम, त्याचा निकाल 2018 चा, त्यानं सज्ञान लोकांचे संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत एवढंच, नोकरीबिकरी काही नाही.

आता जोगप्पा. यल्लम्माला वाहिलेलं असणं ही देवीशी बांधलेली ओळख आहे, कुणावर प्रेम करता याच्याशी तिचा थेट संबंध नाही. काही जोगप्पा स्वतःला ट्रान्सजेंडर म्हणतात, काहींना नुसतं जोगप्पाच म्हटलेलं चालतं, आणि हिजडा घराण्यांची गुरु-चेला रीत परत वेगळीच. 2021 च्या पद्मश्री मंजम्मा जोगती उघडपणे ट्रान्स बाई आहेत आणि जोगती, म्हणजे यल्लम्माला वाहिलेल्यासुद्धा, दोन्ही एकदम. आणि आमच्यातला साधा गे पोरगा, जो पुरुषच आहे नि पुरुषच म्हणवतो, तो या 1 टक्क्यात बसत नाही, त्यामुळं उगाच फॉर्म भरायला पळू नका.