'दोन बोल्ट सैल करा, कॅम्बर शून्य करा': या सल्ल्यात काय चुकतं

पुढच्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिल्यावर चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल (माथा आत तर उणे, बाहेर तर धन), घरीच बसवायची एक कृती सगळीकडे फिरते आहे. सस्पेन्शन कंपनीचंच, काही बदललेलं नाही. टायर आतून झिजतोय म्हणजे कॅम्बर बिघडला. स्ट्रटचे (शॉक ॲब्झॉर्बर आणि स्प्रिंगचा उभा खांब) खालचे दोन बोल्ट सैल करा, चाकाचा माथा बाहेर ओढा, शून्य आलं की आवळा. कमी पडलं तर भोक कानशीने वाढवा. टाय रॉडला (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारी दांडी) हात लावलेला नाही, म्हणून अलाइनमेंटची (चाकांचे कोन मोजून जुळवण्याची) गरज नाही. यातला बोल्टांचा भाग तेवढा अर्धा खरा आहे.

"आतून झिजतोय म्हणजे कॅम्बर." आधी ट्रेडवरून तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एकीकडे गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीचे दाते लागले, तर संशयित टो आहे, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं आत (टो-इन) किंवा बाहेर (टो-आउट) वळलेली असणं. कॅम्बरची झीज एका खांद्यावर सपाट उतरते. टो नीट असेल तर उणे एक अंशाच्या आसपासचा कॅम्बर टायरचं फारसं नुकसान करत नाही.

"शून्य सगळ्यात चांगला." बऱ्याच गाड्यांना कंपनीच थोडा उणे कॅम्बर देते. वळणावर बॉडी कलते आणि बाहेरचं चाक तिच्याबरोबर बाहेर झुकतं, त्याची ती तरतूद असते. मॅन्युअलमधली मर्यादा आणि डाव्या-उजव्यातला फरक बघा. हा फरक साधारण अर्ध्या अंशात राहायला हवा, नाहीतर ज्या बाजूचा कॅम्बर जास्त धन, तिकडे गाडी ओढते.

"दोन बोल्ट सैल करा." स्ट्रट नकलला (चाकाचा हब धरणारा भाग) दोन बोल्टांनी जोडलेला असेल तरच. काही गाड्यांत तो नकलच्या क्लॅम्पमध्ये उभा बसतो. तिथे बहुधा सबफ्रेम (खालचे आर्म जिला जोडलेले असतात ती चौकट) सरकवणं एवढंच हातात असतं, आणि एका बाजूने मिळवलेलं दुसरी बाजू गमावते. डबल विशबोनला (वर-खाली दोन आर्म असलेलं सस्पेन्शन) शिम (पातळ पट्टी) किंवा आर्मच्या मुळाशी एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवला की भाग सरकवणारा) असतो. दोन बोल्टवाल्यांचं गणित सोपं आहे: बोल्टांमध्ये ६० मिमी अंतर असेल, तर एका अंशासाठी वरचं टोक सुमारे १ मिमी सरकायला हवं. मूळ बोल्टाला भोकात एवढा प्ले (मोकळीक) क्वचितच असतो, म्हणून अंशाचा काही भागच हाती लागतो.

जास्त हवं असेल तर बारीक दांड्याचा एक्सेंट्रिक कॅम्बर बोल्ट घ्या. तो वर बसवायचा की खाली, हे त्याच्या सूचनापत्रकात असतं. मूळ बोल्टाच्या डोक्याखाली खाचा असतील तर डोकं फिरवू नका. ते धरून नट काढा आणि बोल्ट ठोकून बाहेर घ्या. फिरवलात तर भोक खराब होतं. बोल्ट निघताच नकल बाहेर कोसळते, तेव्हा ती आधीच तारेने बांधा. ब्रेक होज आणि एबीएसची वायर ताणली जाते आणि ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट सुटू शकतो. एक्सेंट्रिक फिरवून कोन धरला की डोकं स्थिर ठेवून नट आवळा. टॉर्क (आवळण्याचा जोर) नव्या बोल्टाच्या पत्रकातला. बारीक बोल्टाला मूळ आकडा लावला तर तो ताणला जाईल.

"भोक कानशीने वाढवा." हा सगळ्यात घातक सल्ला आहे. हा जोड मुख्यतः आवळणीच्या दाबावर आणि घर्षणावर टिकतो. भोक लांबट झालं की खड्ड्याच्या एका दणक्याने नकल सरकते आणि चाकाचा कोन चालत्या गाडीत बदलतो. मॅन्युअलने स्पष्ट सांगितलं नसेल तर कानस लावू नका. जॅक लावून स्ट्रट वाकवणं तर नकोच: रॉड अडकतो आणि सील गळतं.

"टो बदलत नाही." बदलतो, आणि चांगलाच. टाय रॉडची लांबी तीच राहते, पण नकल कलते. टाय रॉड ॲक्सलच्या पुढे असेल तर उणे कॅम्बर वाढवल्यावर साधारणपणे टो-आउट होतो, मागे असेल तर टो-इन. म्हणून क्रम कॅम्बर, कास्टर (बाजूने पाहिल्यावर स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) आणि शेवटी टो.

या कृतीत एक प्रश्न कुठेच नाही: कॅम्बर मुळात बदलला का? टायरची हवा, बसलेली स्प्रिंग, लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट आधी तपासा. मग अलाइनमेंट मशीनवर स्टिअरिंग ॲक्सिसचा (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा) समोरून दिसणारा कल काढा. कल बरोबर आणि कॅम्बर चुकीचा, तर नकल किंवा स्ट्रट वाकलाय. कलही चुकला पण कल आणि कॅम्बरची बेरीज बरोबर येते, तर सबफ्रेम, लोअर आर्म किंवा स्ट्रट टॉवर (स्ट्रटचं वरचं टोक जिथे बॉडीला बसतं) बघा. एका बाजूला जेवढं उणे तेवढंच दुसरीकडे धन, तर सबफ्रेम सरकली असण्याची शक्यता मोठी. अशा गाडीला कॅम्बर बोल्ट घातला तर मशीनवरचा आकडा हिरवा होतो, म्हणजे मर्यादेत येतो, पण वाकलेला भाग तसाच राहतो.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर सपाट जमिनीवर, स्टिअरिंग सरळ ठेवून, रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून ओळंब्याचं अंतर मोजा. ४०० मिमी उंचीवर ७ मिमी फरक म्हणजे सुमारे एक अंश. गाडी उलट तोंडाने त्याच जागी उभी करून पुन्हा मोजा. दोन्ही वाचनांची सरासरी घेतली की जमिनीचा उतार वजा होतो.