खायच्या सोड्याने पित्त कायमचे जात नाही

‘जेवल्यावर रोज चमचाभर खायचा सोडा पाण्यात घ्या, पित्त कायमचे जाईल,’ असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि रक्तदाब असलेल्यांसाठी धोक्याचाही.

सोडा जठरातले आम्ल तेवढ्यापुरते मारतो, म्हणून बरे वाटते. पण आम्ल वर येते ते अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप सैल पडल्याने, आणि ती सोड्याने घट्ट होत नाही. शिवाय एका चमच्यात सुमारे १,२५० मिलिग्रॅम सोडियम असते, आणि रक्तदाब वाढवते ते हेच. दिवसभराची मर्यादाच २,००० आहे! भरल्या पोटी त्याचा वायू होतो तो वेगळाच.

त्याच निरोपात ‘जळजळ झाली की पँटोप्राझोल घ्या’ असेही आहे. जठरात आम्ल बनणेच कमी करणारी ही गोळी तत्काळ आरामाची नाही. ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात, आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचीच आहे. कधीमधी जळजळ झाली तर साधे अँटासिड पुरते. मात्र इतर गोळ्यांपासून दोन तासांचे अंतर ठेवा.

गिळताना अडकणे, काळी शौच, घटते वजन असेल तर डॉक्टरांना दाखवा. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर कृपा करून पित्त समजून थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.