पन्नास एमएम आणि कुरडया

तर झालं असं, की जुलैतला रविवार, बाहेर धो धो पाऊस, कुठे जायची सोय नाही, म्हणून मी कॅमेऱ्याची बॅग काढून बसलो. फोटो काढायला मिळाले नाहीत की आमच्यासारखी माणसं कॅमेरा पुसतात. आधी ब्लोअरने फुस्स फुस्स करायचं, मग ते मऊ कापड, मग लेन्स ट्यूबलाइटसमोर धरून एक डोळा मिटून आरपार बघायचं आणि 'हं' म्हणायचं. त्या 'हं'ला काही अर्थ नसतो, पण बरं वाटतं.

त्या दिवशी 'हं' झालंच नाही. माझ्या पन्नास एमएम लेन्सच्या आत, कडेला, एक केस दिसला. फुंकर मारली, गेला नाही. पुसला, गेला नाही. मग मागून मोबाइलचा टॉर्च मारला तर केसबिस काही नव्हतं, कोळ्याचं जाळं असतं ना तसं पांढरं, नाजूक, फांद्या फुटलेलं काहीतरी होतं, आणि ते दोन काचांच्या मध्ये होतं, जिथे माझं बोट या जन्मात पोचणार नव्हतं.

"बुरशी!" मी ओरडलो.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "कशाला आली? लोणच्याला?"

"लेन्सला."

"हात्तिच्या," म्हणाली आणि परत गेली. लोणचं सुरक्षित होतं, तिच्यापुरता विषय संपला.

आता ही आली कुठून, तर चूक माझीच. आदल्या पावसाळ्यात आम्ही चौघं मित्र नाणेघाटात उलटा धबधबा बघायला गेलो होतो, डोंबिवलीहून कल्याण, मुरबाड, वैशाखरे आणि तिथून चढून वर. वारा असा की दरीत पडणारं पाणी उलटं वर येऊन थोबाडावर आपटतं, आणि त्याचा फोटो काढायचा म्हणजे कॅमेरा बरोब्बर त्याच पाण्यासमोर धरणं आलं. सत्तर फोटो काढले. अडुसष्टांत पांढरं धुकं आहे आणि उरलेल्या दोनांत एक अनोळखी माणूस कणीस खातोय. तिथे वर गुहेत सातवाहनांची राणी नागनिका, तिचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षं झाली, दर वर्षी तोच पाऊस, तेच धुकं, आणि तो अजून वाचता येतो. माझ्या लेन्सला दोन पावसाळे निघाले नाहीत. घरी येऊन मी बॅग ओलीच्या ओली कपाटात टाकली आणि लेन्स तिच्या खास चामड्याच्या केसमध्ये घातली. ती केस मी मुद्दाम वेगळी घेतली होती, भारी दिसते म्हणून. चामडं म्हणजे बुरशीचं आजोळ, हे ज्ञान नंतर प्राप्त झालं.

बायकोने लेन्स हातात घेतली, उलटसुलट केली, आणि एकच प्रश्न विचारला.

"फोटोत दिसते का ती?"

"नाही."

"मग?"

"म्हणजे उजेडाकडे तोंड करून काढला तर जरा फिकट येतो. पण मला माहितीये ना ती आत आहे!"

तिने लेन्स परत दिली. लग्नाला सात वर्षं झालीत, माणूस कुठे वाद घालायचा नाही ते शिकतं.

मग रात्रभर मोबाइलवर वाचत बसलो. बुरशी हा विषय रात्री दोन वाजता वाचू नये. हिचं नाव ॲस्परजिलस वगैरे असतं, हवेत हिचे कण कायमच असतात, तिला फक्त ओलावा लागतो, साठ-सत्तर टक्क्यांच्या वर आर्द्रता राहिली की ती निवांत संसार थाटते, आणि जास्त दिवस राहिली की काचेवरचं कोटिंग खाते, मग बुरशी काढली तरी डाग राहतोच. उपाय शंभर. कोणी म्हणे उन्हात ठेवा, अतिनील किरणांनी मरते. जुलैत डोंबिवलीत ऊन? कोणी म्हणे तांदळाच्या डब्यात ठेवा, खाली दुसरा म्हणे ठेवू नका, तांदळाची पावडर आत जाते. एकाने हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया मिसळून पुसायला सांगितलं होतं, ते वाचून मी मोबाइल बंद केला.

दुसऱ्या दिवशी पहिली खरेदी, आर्द्रतामापक. काडेपेटीएवढं यंत्र, साडेतीनशे रुपये. ते घेऊन मी अख्ख्या घरात डॉक्टरसारखा फिरलो. बेडरूम ८४. हॉल ८२. कपाटाच्या आत, जिथे बिचाऱ्या लेन्सने वर्ष काढलं तिथे, ८९. बाथरूम ९१. म्हणजे आंघोळीच्या जागेत आणि माझ्या कपाटात दोन टक्क्यांचा फरक. बाबांना हे यंत्र एवढं आवडलं की रोज सकाळी पेपरच्या आधी ते आकडा बघायला लागले आणि दुधाच्या हिशोबाच्या वहीत तारखेसमोर लिहायला लागले.

मग लोकलने सीएसएमटी आणि तिथून बोराबाजार, म्हणजे कॅमेरेवाल्यांची पंढरी. एका जिन्याखाली एवढंसं टेबल, त्यामागे डोळ्याला भिंग लावलेले एक काका. त्यांनी लेन्स घेतली, दिव्यासमोर धरली, एक डोळा मिटला आणि 'हं' म्हणाले. त्यांच्या 'हं'ला अर्थ होता. बाराशे रुपये. लेन्सच मी सेकंडहँड साडेपाच हजाराला घेतलेली.

"रखते कहां हो?"

"कपाट में."

रुग्ण दिवसाला दोन पाकिटं ओढतो हे कळल्यावर डॉक्टर जसं बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पावतीच्या मागे प्रिस्क्रिप्शन लिहून दिलं. हवाबंद डबा. सिलिका जेल. चाळीस ते पन्नास टक्के. तीसच्या खाली नको, आतलं ग्रीस आणि रबर सुकतं. ह्याच कामासाठी विजेवर चालणारं कपाट मिळतं, ड्राय कॅबिनेट म्हणतात, त्याची किंमत मी घरी सहज म्हणून सांगून बघितली. बायको काही बोलली नाही. नुसती वॉशिंग मशीनकडे बघत राहिली, जी गेले चार महिने ड्रायरला आली की चालायला लागते.

म्हणून डबा. आणि इथून खरं प्रकरण सुरू झालं.

आमच्या घरात खऱ्या अर्थाने हवाबंद असा एकच डबा आहे. मोठा, चारी बाजूंनी कटाकट लॉक होणारा, झाकणाला रबराची रिंग. त्यात कुरडया असतात. आई मे महिन्यात गहू भिजवून, चीक काढून, सोसायटीच्या गच्चीवर जुन्या साडीवर त्या घालते, दोन दिवस कावळे हाकलायची ड्यूटी बाबांची, आणि कडकडीत वाळल्या की त्या डब्यात. हा डबा दिवाळीपर्यंत कोणी ओल्या हाताने उघडत नाही, तसा घरचा कायदाच आहे.

"आई, तो डबा मिळेल का?"

"आणि कुरडया कुठे ठेवू? तुझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत?"

मी तिला समजावलं की काच कशी नाजूक असते, ओलावा कसा वाईट. हे मी कोणाला सांगत होतो, तर जिने तीस वर्षं पावसाळ्यात पापड, सांडगे, कुरडया, भरल्या मिरच्या आणि दोन बरण्या लोणचं सांभाळलंय आणि जिच्या एकाही वस्तूला आजवर बुरशी आलेली नाही. ती ऐकून घेत होती. मध्येच बाबा सिनेमाचे शौकीन असल्यामुळे माझ्या मदतीला आले, म्हणाले, अगं पुण्याला १९६४ पासून सरकारचं चित्रपट संग्रहालय आहे, जुन्या फिल्मसाठी थंड, कोरड्या खोल्या ठेवाव्या लागतात, सोपं नाही ते.

"मग ह्याची लेन्स तिकडेच नेऊन ठेवा," आई म्हणाली.

शेवटी तह झाला. नवीन डबा मी आणायचा, पण कुरडया त्यात जाणार आणि जुना, सिद्ध झालेला डबा मला. नाही नाही, मी उलटं सांगतोय. नवा मला आणि जुना तिच्याकडेच. तहात नेहमी असंच होतं.

आता सिलिका जेल. आधी मी चपलांच्या खोक्यांतल्या पुड्या जमवल्या, ऑफिसात कोणी नवे शूज घेतले की 'पुडी टाकू नकोस हां' सांगून ठेवलं, त्यावरून तिथे माझ्याबद्दल काय बोललं जात असेल ते जाऊ दे. मग एक किलो निळी सिलिका आणली. मणी निळे असतात, पाणी पिऊन पोट भरलं की गुलाबी होतात, मग तापवायचे, ओल उडते, परत निळे. आमच्या हवेत ते पाच दिवसांत गुलाबी झाले. मी आईची लोखंडी कढई गॅसवर ठेवली आणि मंद आचेवर परतायला लागलो. तडतड आवाज येत होता, हळूहळू कडेचे मणी जांभळट व्हायला लागले, सांगतो, लेन्समधून सूर्योदय बघितल्यावर जे होतं ना तसंच आतून काहीतरी झालं.

बाबा वास न येता आवाज कसला म्हणून आत आले, कढईत डोकावले.

"आज कसला उपास? आषाढी तर झाली."

"साबुदाणा नाहीये बाबा तो."

"निळा आहे म्हणून विचारलं."

मग मी पाकिटावरचं बारीक अक्षर वाचलं. निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा. विषारी. खाण्याच्या वस्तूंपासून लांब ठेवा. हे मी मोठ्याने वाचलं, ही दुसरी चूक. ती कढई आईला तिच्या सासूबाईंनी दिलेली होती. पुढचा अर्धा तास काय झालं ते लिहीत नाही, एवढंच सांगतो की कढई आता माझी आहे, बाल्कनीत असते, आणि माझ्याकडे स्वतःच्या मालकीचं असं ते एकमेव भांडं आहे. तेव्हापासून नारिंगी मणी आणतो. ते हिरवे होतात.

डबा जमला. आत यंत्र ठेवलं, आकडा ४६. इतका सुंदर आकडा मी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. आणि मग जे होतं तेच झालं, घरात एक कोरडी जागा आहे ही बातमी पसरली. बाबांचा तबला पावसाळ्यात कायम उतरतो, वरची चामड्याची पुडी सैल पडते, काळी दोनला लावलेला पांढरी दोनला, म्हणजे अर्धा सूर खाली, येऊन बसतो, हातोडीने ठोकून ठोकून वादीखालचे लाकडी गट्ठे खाली गेलेत. पूर्वी ते तबल्याच्या कपाटात चाळीसचा बल्ब लावून ठेवायचे, आता घरभर एलईडी, एलईडी गरम होत नाही, आणि पिवळा बल्ब मागितला की दुकानदार आपल्याकडे म्हाताऱ्यासारखं बघतो. तबला काही डब्यात मावेना. म्हणून त्यांनी माझ्या मुंजीची व्हीएचएस कॅसेट आणून ठेवली, जिच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. मी म्हटलं बाबा, ही तर बुरशीच, ही माझ्या लेन्सशेजारी? तर म्हणे अरे भावंडं आहेत. कॅसेट काढली, तर तिथे बायकोचे हेडफोन. हेडफोन काढले, तर तिचा धबधब्यात भिजलेला जुना फोन. एकदा आकडा २८ दिसला तर बाबा "उतरलं, उतरलं!" करत मला बाथरूममधून बाहेर बोलवत होते, मी टॉवेलवर येऊन दोन मिनिटं झाकण उघडून ठेवलं, परत लावलं, तेव्हा कुठे सगळे जेवायला बसले.

ह्या सगळ्यात मी फोटो किती काढले? लेन्स बाहेर काढली की दमट होणार, म्हणून काढतच नव्हतो. मोबाइलवर एक फोटो आहे, डब्याचा. आकडा ४५ असतानाचा.

आई मात्र माझ्या पद्धतीवर खूश नव्हती. तिचं म्हणणं, डबा कोरडा असून भागत नाही, त्याला हिंगाची धुरी लागते. निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकायचा, बरणी त्यावर उपडी धरायची, धूर आत कोंडायचा, वर्षभर बुरशी येत नाही. मी म्हटलं आई, ही काच आहे, कैरी नाही. ती 'बरं' म्हणाली. आईचं 'बरं' आणि माझं ट्यूबलाइटसमोरचं 'हं' ह्यात हाच फरक, तिच्या 'बरं'ला नेहमी अर्थ असतो, मी ऑफिसला गेल्यावर कळतो.

ऑक्टोबरात ऊन पडलं. नवरात्राच्या सुट्टीत मी लेन्स तपासून घ्यायला परत बोराबाजारात गेलो. काकांनी ती दिव्यासमोर धरली, भिंगातून नीट बघितली, फिरवून बघितली. एकदम स्वच्छ. धागासुद्धा नाही. मी असा फुललो की काय सांगू, डबा, सिलिका, ४५ टक्के, सगळं एका दमात सांगून टाकलं. काका ऐकत होते, पण त्यांनी लेन्स खाली ठेवली नाही. डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं, लेन्स नाकाजवळ नेली, परत एकदा नेली.

"साहेब," ते म्हणाले, "अचार घर का है?"