ज्यांना अजून ‘पॅशन’ सापडलेली नाही, त्यांच्यासाठी

‘आधी तुमची पॅशन शोधा’ हा सल्ला मला आता ऐकवत नाही. विशी-पंचविशीतली कितीतरी मुलं-मुली या वाक्यानं खरोखर धास्तावलेली दिसतात. बाकी सगळ्यांना कशाचं ना कशाचं वेड आहे, आपल्यालाच नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी असणार, असं त्यांना वाटत राहतं. मग ती काहीतरी नवं हाती घेतात. सुरुवातीचे दिवस छान जातात. पुढे ते अवघड व्हायला लागलं की ‘हे आपलं नव्हेच’ म्हणून सोडून देतात.

पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं हेच तपासलं होतं. विद्यार्थ्यांना आधी कृष्णविवरांवरची एक सोपी, रंजक चित्रफीत दाखवली, ती आवडलीही. मग त्याच विषयावरचा एक किचकट शास्त्रीय लेख वाचायला दिला. आवड मुळातच ठरलेली असते, ती फक्त शोधायची असते, असं मानणाऱ्यांचा उत्साह जास्त ओसरला. आवड वाढवता येते असं मानणारे त्या मानानं तग धरून राहिले.

मला हे अगदी पटतं, कारण मी मोठेपणी व्हायोलिन शिकायला लागलो. या वाद्याला पडदे नसतात. बोट केसभर सरकलं तरी सूर हलतो. सुरुवातीला तो हललाय हेसुद्धा मला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा व्हायोलिन मला नुसतं ‘बरं वाटायचं’. गोडी लागली ती कान तयार व्हायला लागल्यावर. ज्या रेकॉर्ड वर्षानुवर्षं ऐकल्या होत्या, त्यांतच आता गजाचं वळण, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारं बोट, मधे घेतलेला श्वासाइतका विराम ऐकू येऊ लागला. जितकं कळत गेलं तितकं त्यात ऐकण्यासारखं सापडत गेलं, आणि तेव्हा कुठे मी त्यात गुंतलो. आधी प्रेम आणि मग मेहनत, हा क्रम माझ्या अनुभवाला तरी आला नाही.

खगोलशास्त्रज्ञ कॅरोलिन हर्शेलचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. १७७२ मध्ये ती इंग्लंडला आपल्या भावाकडे, विल्यमकडे आली ती गायिका होण्यासाठी. विल्यम स्वतः संगीतकार, पण त्याला दुर्बिणींनी झपाटलं. तो आरसे घासायला बसला की तासन्‌तास हात काढायचा नाही, आणि कॅरोलिन त्याला घास भरवायची. गाणं मागे पडलं. आकाश तिनं स्वतःहून निवडलेलं नव्हतं. पण रात्रीमागून रात्री नोंदी करताना, गणितं सोडवताना तीच त्यात रुजली. १७८६ मध्ये तिनं पहिला धूमकेतू शोधला आणि १७९७ पर्यंत आठ. ‘तुझी पॅशन कोणती?’ असं तिला बाविसाव्या वर्षी कुणी विचारलं असतं, तर तिनं खगोलशास्त्र म्हटलं असतं असं मला वाटत नाही.

दुसरी एक गोष्ट मला खुपते. कुणी बरं चित्र काढलं, चार ओळी बऱ्या लिहिल्या, की लगेच आपण विचारतो, ‘मग याचं पुढे काय करणार?’ लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, की चित्रं काढलीत तर बक्षीस म्हणून प्रमाणपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात या मुलांनी चित्रांना इतरांच्या निम्माच वेळ दिला. बक्षीस अचानक मिळालेल्या मुलांची गोडी मात्र तशीच राहिली. पोटापाण्याचं काम आवडीचं असणं ही भाग्याचीच गोष्ट, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्यातून काहीच निष्पन्न व्हायची गरज नाही, अशी एक तरी जागा माणसाला हवी. दिवसभर आपल्याला कुणी ना कुणी मोजतच असतं.

आणि वेळेचं काय? ‘आवड असली की सवड मिळते’ हे म्हणणं मला निर्दय वाटतं. आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्याला, दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्याला सवड कुठून मिळणार? विल्यमच्या ध्यासाला जो वेळ मिळाला, त्यातला कितीतरी कॅरोलिनचा होता. आजही घरात एकजण रियाजाला बसतो तेव्हा दाराची बेल, मुलांचा अभ्यास, गॅसवरचं दूध दुसरं कुणीतरी बघत असतं, आणि बहुतेक घरांत ते ‘दुसरं कुणीतरी’ ठरलेलं असतं. म्हणून आम्ही नवरा-बायकोनं सरळ वाटणी केली आहे. शनिवारची सकाळ माझ्या व्हायोलिनची, रविवारची तिच्या मातीकामाची. रविवारी दुपारपर्यंत घरातलं सगळं मी बघतो, आणि तिची भांडी विकायची नाहीत हेही आमचं ठरलेलं आहे.