लंडनचा एजंट गाठायचाय? मग हे कराच

पुण्यातला प्रकाशक फोन उचलत नाही, म्हणून तुम्ही थेट लंडन-न्यूयॉर्कचा साहित्यिक एजंट, म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणारा मध्यस्थ, गाठायचं ठरवलंय. उत्तम विचार.

पहिली गोष्ट, अख्खी कादंबरी पाठवून मोकळे व्हा. ब्रिटिश एजंट बहुधा छोटं पत्र, एक पानी कथासार आणि पहिली तीन प्रकरणं मागतात. अमेरिकन एजंटांना तीनेकशे शब्दांचं पत्र आणि फार तर सुरुवातीची पाच-दहा पानं पुरतात, तीही ईमेलमध्येच चिकटवलेली. अनोळखी अटॅचमेंट त्यातले बरेच जण उघडतसुद्धा नाहीत. पण त्यांचं कशाला ऐकायचं? पेजमेकरमध्ये लावलेली चारशे पानं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्येच धाडा. पलीकडे तो फॉन्ट नसला की तुमच्या पहिल्या वाक्याच्या जागी डोक्यावर टिंबं नि टोप्या घातलेली फिरंगी अक्षरं उमटतील. प्रयोगशील वाटेल.

साठ एजंटांचे पत्ते एकाच ‘टू’मध्ये टाका आणि सुरुवात ‘डिअर सर’नं करा.

कथासारात शेवट सांगू नका. शेवट कळावा म्हणूनच ते कथासार मागतात, पण आपण ‘पुढे काय होते ते मुळातूनच वाचावे’ असं लिहायचं. दुकानात तुमच्या पुस्तकाशेजारी शोभतील अशी अलीकडची दोन पुस्तकं विचारली, तर टॉलस्टॉय सांगा. शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो विसरू नका.

अनुवादक अजिबात शोधू नका. इंग्रजीत अनुवाद झालेल्या पुस्तकांसाठीचं आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक २०२२ मध्ये हिंदी पुस्तकाला मिळालं, २०२५ मध्ये कन्नड पुस्तकाला, आणि दोन्ही वेळा ५०,००० पौंड लेखिका आणि अनुवादिका यांच्यात निम्मे-निम्मे वाटले गेले. निम्मे पैसे का सोडायचे? यंत्राला सांगा. ‘हातावर तुरी देऊन पळाला’चं शब्दशः ‘गेव्ह तूर ऑन द हँड अँड रॅन’ झालं, तर लंडनमध्ये कुणाला कळणार आहे! (ही दोन्ही पुस्तकं ब्रिटनमध्ये छोट्या प्रकाशनांनी काढली होती, आणि अशी काही प्रकाशनं अनुवादकानं थेट पाठवलेला नमुनाही वाचतात. पण एजंट हवा म्हणजे हवा.)

हक्कांचा कागद बघू नका. आतल्या पानावर ‘© सौ.’ आणि पुढे बायकोचं नाव, प्रकाशकाशी व्यवहार चहावर, करार तोंडी. अनुवादाचे हक्क कोणाकडे, हे एजंटनं विचारलं की ‘आपलंच आहे हो’ असं कळवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे. त्याप्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं धरलं जातं. म्हणजे कदाचित परदेशातले हक्क अजून तुमच्याकडेच असतील. पण कोण वाचत बसणार?

आणि एवढं करूनही जमलं नाही तरी घाबरू नका, एजंटच तुम्हाला शोधत येईल. सध्या येतोच आहे. पहिलं पत्र असं: ‘तुमच्या कादंबरीतल्या पात्रांच्या भावविश्वानं आमची टीम भारावून गेली आहे.’ पुस्तक कवितासंग्रह आहे. मराठीत आहे. त्याचा अनुवाद झालेला नाही. न्यूयॉर्कमध्ये बसून हे भारावले कशानं, मुखपृष्ठाच्या रंगानं? दुसऱ्या पत्रात एक बडा प्रकाशक ‘अत्यंत उत्सुक’ असतो. तिसऱ्यात चारशे डॉलर रीडिंग फी. मग संपादनाचं पॅकेज, मग न खपलेल्या प्रतींचा विमा, मग हॉलिवूडसाठी पटकथा. प्रत्येक वेळी ‘शेवटचा हप्ता’. पत्ता फुकटातला जीमेल, वेबसाइट गेल्या महिन्यात नोंदवलेली, आणि खाली नाव खऱ्या एजंटचं, चोरलेलं. आणि आपले लोक पीएफ मोडून पैसे भरतात! वर फेसबुकवर पेढे!

अहो, एजंट लेखकाकडून पैसे घेत नाही. पुस्तक विकलं तर प्रकाशकाचे पैसे त्याच्याकडे येतात, त्यातून तो साधारण १५ टक्के, परदेशी आणि अनुवादाच्या हक्कांवर २० टक्के कापतो आणि उरलेले तुम्हाला देतो. विकलं नाही तर त्याला शून्य. लंडनच्या ‘असोसिएशन ऑफ ऑथर्स एजंट्स’च्या सभासदांना वाचनाची फी घ्यायला मनाई आहे, ती यादी उघडी आहे, बघा. एजंटची खरी ओळख हवी तर त्यानं विकलेल्या पुस्तकांतले ऋणनिर्देश वाचा, लेखक तिथे त्याचं नाव घेतात. अमेरिकेतून खरंच पैसे येणार असतील तर तिथल्या करखात्याच्या ‘डब्ल्यू-८ बेन’ फॉर्मवर पॅन क्रमांक भरा, म्हणजे ३० ऐवजी १५ टक्के कर कापला जाईल. खरा खर्च असतो तो चांगल्या अनुवादकाकडून नमुन्याची चाळीस-पन्नास पानं करून घेण्याचा. तिथे मात्र तुम्हाला ‘मानधन नंतर बघू’ सुचतं.

त्या भारावलेल्या पत्राला उत्तर देऊ नका. ‘सध्या शक्य नाही, आभारी आहे’ असंसुद्धा नाही. पत्ता जिवंत आहे एवढं कळलं की त्यांना पुरतं. ब्लॉक करा.